सामनेवाले म्हणजे सोनईवाले नव्हेत

माझ्या दोन्ही लेकरांनो,

गेल्या महिन्यात सोनईची मावशी आमच्याकडे आली होती तेव्हा आपण सगळे व्हिडिओ कॉलवर बोललो, ते तुम्हाला आठवत असेल. तिने पडद्यात तोंड घालून तुमच्या आईला हाक मारली, "काय हो सामनेवाले, बरं हाय ना?" तुमची आई इतकी हसली की तिच्या हातातला फोन हलला आणि आम्हाला तुमच्या घराचे छत दिसू लागले. तुम्ही दोघांनी विचारले, सामनेवाले म्हणजे काय. तुमच्या आईने एका शब्दात उत्तर दिले, "अपोनंट," आणि विषय संपवला.

मला तेव्हाच बोलायचे होते, पण तुमच्या शाळेची वेळ झाली होती. तुमच्या आईचे भाषांतर चूक आहे. एरवी मी सोडून दिले असते. परंतु नेमक्या याच चुकीपायी तिचा एक हंगाम गेला, आणि आता तीच चूक ती तुम्हाला शिकवते आहे. शिवाय तिच्या तोंडून हा किस्सा ऐकलात तर तो गमतीचा वाटेल. त्यात आजोबा शूर असतात आणि मी चिडकी. मी चिडले होते हे खरे आहे. का चिडले होते ते मात्र ती कधी सांगत नाही. तुम्हाला आता सलग मराठी वाचता येऊ लागले आहे, म्हणून क्रमाने लिहून ठेवते.

तेव्हा आम्ही राहुरीला, कृषी विद्यापीठाच्या वसाहतीत राहत होतो. नव्वदच्या दशकाची मधली वर्षे. आजोबा विद्यापीठाच्या कार्यालयात होते आणि मी गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. तुमची आई अकरावीत होती आणि खो-खो खेळत होती. नुसते "खेळत होती" म्हटले तर तुम्हाला कल्पना यायची नाही. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जाताना ती सरळ चालत जात नसे, दाराच्या चौकटीला हात टेकून गर्रकन वळत असे. त्या चौकटीचा रंग तेवढ्याच जागी उडाला होता. वसाहतीतल्या घरांची तपासणी व्हायची तेव्हा त्याचे कारण मला साहेबांना समजावून सांगावे लागे.

गावातल्या मुलींच्या खो-खो मंडळाचे अध्यक्ष आणि प्रशिक्षक एकच गृहस्थ होते. त्यांचा टेम्पो होता. एरवी त्यात कांद्याच्या गोण्या असत आणि सामना असला की मुली. सामन्याहून आलेल्या मुलीचा फ्रॉक धुतला तरी कांद्याचा वास जात नसे. माणूस चांगला होता. मुलींना पोटच्या पोरींसारखे वागवायचा. पण एकदा डोक्यात घेतले की घेतले.

त्या वर्षी कुमारी गटाच्या राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याच्या संघात तुमच्या आईची निवड झाली. वयाच्या अटीमुळे तिचे ते शेवटचे वर्ष होते. पुढच्या वर्षी ती महिला गटात जाणार, आणि तिथे वर्षानुवर्षे मुरलेल्या खेळाडू होत्या. म्हणजे या वर्षी नाही तर बहुधा कधीच नाही. हे घरात कोणी बोलून दाखवत नव्हते, पण सगळ्यांना ठाऊक होते.

निवडीनंतर दिवाळीच्या सुट्टीत ती माझ्या माहेरी, बेलापूरला गेली. तिथे गल्लीतल्या पोरींचे सामने भरले होते. एका बाजूला एक मुलगी कमी पडली, ही उतरली. कोणीतरी कौतुकाने लाऊडस्पीकरवरून पुकारले, "राहुरीच्या पाहुण्या खेळाडू!" बस, तेवढेच झाले. सुट्टी संपली आणि नगरहून जिल्हा संघटनेचे पत्र आले. एकाच हंगामात दोन संघांकडून खेळल्याबद्दल एक वर्ष बंदी. या काळात कोणत्याही मैदानावर सरावही करायचा नाही. जिल्हा संघातली जागा सोनईच्या एका मुलीला देण्यात येत आहे. खाली चिटणिसांची सही आणि शिक्का.

आता दोन गोष्टी नीट ध्यानात घ्या. पहिली, तो नियम संघटनेकडे नोंदलेल्या संघांपुरता होता, आणि बेलापूरच्या गल्लीतला संघ कुठेही नोंदलेला नव्हता. त्या संघाला धड नावसुद्धा नव्हते. दुसरी, बंदी घालण्यापूर्वी तुमच्या आईला कोणी एका शब्दानेही विचारले नव्हते. या दोन गोष्टी योग्य माणसाने ऐकल्या असत्या तर बंदी उठायला अर्धा तास पुरला असता.

ऐकायला माणूसही होता. राज्य संघटनेकडे अपील करता येत असे, आणि अशी अपिले ऐकण्यासाठी त्यांनी एका निवृत्त न्यायाधीशांना लवाद म्हणून नेमले होते. लवाद म्हणजे दोन्ही बाजूंचे ऐकून निकाल देणारा तिऱ्हाईत. अपिलाचा छापील फॉर्म मराठीत होता. त्यात वर दोन रिकाम्या ओळी होत्या. एकीपुढे छापले होते "अपीलदार" आणि दुसरीपुढे "सामनेवाले".

मंडळाची बैठक वसाहतीजवळच्या आमच्या बुद्धविहाराच्या ओट्यावर भरली. मला बोलावले होते, कारण संघटनेच्या नियमांची पुस्तिका इंग्रजीत होती. अपीलदाराच्या ओळीत तुमच्या आईचे नाव गेले. मग दुसरी ओळ आली.

"लिवा," अध्यक्ष म्हणाले, "सामनेवाले, सोनई."

"सोनई का?" मी विचारले.

"आता! फायनलला सामना कुनाशी हुता?"

तुम्हाला सांगायचे राहिले. निवडीच्या आधी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात राहुरीने सोनईला हरवले होते. सोनई आमच्यापासून फार लांब नाही, त्यामुळे ईर्षा जरा जास्तच. शिवाय जागा त्यांच्या मुलीला मिळालेली. तेव्हा तक्रार सोनईनेच केली असणार, हे गावाने ठरवून टाकले होते.

"अध्यक्ष, सामनेवाले म्हणजे मैदानात समोर होते ते नव्हेत," मी म्हटले. "पुस्तिकेत रिस्पॉन्डंट असा शब्द आहे. ज्या संस्थेच्या निर्णयाविरुद्ध अपील आहे ती संस्था. बंदी जिल्हा संघटनेने घातली. तिचं नाव घालायचं."

"वहिनी, त्ये विंग्रजी झालं," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "फारम मराठी हाय."

सगळा ओटा हसला. मी आजोबांकडे पाहिले. मला वाटले, हा शिकलेला माणूस आहे, रोज सरकारी कागद लिहितो, हा तरी बोलेल. ते बोललेही.

"अगं, शब्दच बघ ना. सामना, सामनेवाले. ज्यांच्याशी सामना झाला ते. मराठीत दुसरा अर्थ निघतच नाही."

"कोर्टात कसला सामना होतो हो? तिथेही सामनेवाले असतातच की."

"तिथं तर फारच मोठा सामना होतो!"

पुन्हा हशा. हा तुमच्या आईच्या किश्श्यातला शूर भाग. मी पुस्तिका मिटली. माझ्या डोळ्यांदेखत त्या ओळीत सोनईच्या संघाचे नाव गेले, आणि आजोबांनी आपल्या वळणदार अक्षरात खाली दोन पाने मजकूर लिहिला. मजकूर उत्तम होता. बेलापूर, नोंदणी, नियम, सगळे मुद्दे बरोबर. फक्त ज्यांना ते विचारायचे त्यांचे नाव कागदावर कुठेच नव्हते.

अपील गेले. त्याची प्रत रजिस्टर पोस्टाने सामनेवाल्यांना जाते, तशी ती सोनईला गेली. मग एका रविवारी सकाळी आमच्या फाटकाशी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. उंच, डोक्यावर पदर, हातात तो लिफाफा. त्या सोनईच्या संघाच्या व्यवस्थापक होत्या. गावात अंगणवाडी चालवत.

"मास्तरीणबाई कुठं हायेत?"

"मीच. या ना, आत या."

"आत न्हाई येत. तुमी शिकलेल्या ना? मंग आमच्यावर केस कशापायी?"

"केस नाही, अपील आहे."

"व्हय, त्येच. पोस्टमननं भर चौकात सही घेतली. सासरे इचारत्यात, काय चोरीबिरी केली का म्हणून. अंगनवाडीतल्या बाया पोरं न्यायला येत्यात आन् माझ्याकडं बगत्यात."

तेवढ्यात अध्यक्ष आले. वसाहतीत कोणी मोठ्याने बोलले की त्यांना कसे कळायचे कोण जाणे.

"चुगली करायच्या टायमाला न्हाई लाज वाटली?" ते फाटकातूनच म्हणाले.

"कुनी केली चुगली? म्या?" बाई गर्रकन वळल्या. "टेम्पोवाले, चुगली करायची आसती तर म्या मैदानात केली आसती, तुमच्या तोंडावर. तुमच्या पोरीला आमी लई तर आऊट करू. बंदी कशी घालू? ती काय आमच्या हातात हाय?"

मी अध्यक्षांकडे पाहिले. हेच वाक्य मी ओट्यावर जरा बऱ्या मराठीत बोलले होते.

"जागा तर तुमच्याच पोरीला भेटली," अध्यक्ष म्हणाले, पण आवाज उतरला होता.

"भेटली. तिनं मागितली न्हवती. दिली म्हणून घेतली. तुमी सोडली आसती का?"

एवढे बोलून त्यांनी तो लिफाफा फाटकाच्या गजांत खोचला आणि एसटी गाठायला निघून गेल्या. चहासुद्धा घेतला नाही.

थोड्याच दिवसांत लवादांकडून अपील परत आले. सामनेवाले यांनी कोणताही निर्णय दिलेला नसल्याने अपील चालण्यास पात्र नाही. मुदतीत योग्य सामनेवाले दर्शवून पुन्हा दाखल करावे. माझ्या मनात आले, आता तरी हे लोक संघटनेचे नाव घालतील. कुठले काय! अध्यक्ष आमच्या बाहेरच्या खोलीत बसून चहा ढवळत राहिले. साखर कधीच विरघळली होती.

"वहिनी, तुमचं बराबर हाय," शेवटी ते म्हणाले. "पन संघटनेचं नाव घालून कसं चालंल?"

"का नाही चालणार?"

"उद्या आपल्या बाकीच्या पोरी खेळायच्यात. पंच त्येंचे, मैदान त्येंचं, निवड त्येंची. एकदा वाकड्यात शिरलं की आपल्या एका पोरीला बी उभी करनार न्हाईत. सोनईवाल्यांचं काय, चार शिव्या देतील. आपन बी देऊ. फिटंल."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी इतके दिवस शब्दाचा अर्थ समजावत बसले होते. अर्थ त्यांना पहिल्या दिवसापासून कळत असावा. बरोबरीच्या माणसाशी भांडण सोपे जाते, म्हणून त्यांनी सोनईला पुढे केले होते, आणि फॉर्मवरच्या त्या एका शब्दाने त्यांची आयती सोय केली होती. अर्थ न कळणाऱ्याला समजावता येते. कळूनही न कळल्यासारखे करणाऱ्याला काय समजावायचे? मी नुसती चिडले. म्हटले, "अध्यक्ष, मग अपील तरी कशाला करता? संघटनेला दुखवायचं नाही आणि संघटनेचा निर्णय तर फिरवायचाय. हे कसं जमायचं?"

"त्येच तर बगतोय," ते म्हणाले.

आजोबांना वाईट वाटले होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी नवा मसुदा आणला. या वेळी सामनेवाल्यांच्या ओळीत एक रांगच होती. जिल्हा संघटना, तिची निवड समिती, अंतिम सामन्याचे पंच, गुणलेखक, बेलापूरच्या सामन्यांचे आयोजक, लाऊडस्पीकरवाला आणि पुन्हा सोनईचा संघ.

"लाऊडस्पीकरवाला?" मी विचारले.

"त्यानंच पुकारलं ना. एक नाव राहिलं म्हणून पुन्हा परत यायला नको. सगळ्यांनाच घालून टाकू. आणि इतक्या नावांत संघटनेला तरी विशेष वाईट का वाटावं?"

"मग क्रीडामंत्र्यांना का वगळलंत?"

"घालू?" त्यांनी पेन उघडले. खरेच उघडले.

मी तो कागद त्यांच्या हातातून घेतला आणि एकेक नाव खोडत गेले. पंचांनी काय निर्णय दिला? काही नाही. खोडा. गुणलेखकाने? खोडा. समिती ही संघटनेचीच, वेगळी नव्हे. खोडा. लाऊडस्पीकरवाल्याला कोण विचारतो. सोनईच्या संघाचे नाव तर मी दोनदा खोडले. आजोबा हळहळत होते, कारण खोडाखोड त्यांना मुळीच खपत नसे.

या साऱ्या काळात तुमची आई काय करत होती, ते आता सांगते. मैदानावर पाय ठेवायचा नाही असे पत्रात होते आणि ती ते अक्षरशः पाळत होती. संध्याकाळी बाकीच्या मुली मैदानावर असत तेव्हा ती कालव्याच्या काठाने एकटी पळायची. पण खो-खो एकटीने होत नाही. खो द्यायला समोर बसलेल्या कोणाची तरी पाठ लागते. हुलकावणी द्यायची तर पाठीमागे कोणीतरी लागावे लागते. ती पळून घरी यायची, चौकटीला हात न लावता सरळ आत जायची. त्या दिवशी मी नावे खोडत असताना ती आमच्यामागे येऊन उभी राहिली.

"आई, कोणाचंही नाव घाला," ती म्हणाली, "पण लवकर घाला."

मुदतीच्या अगदी काठावर अपील पुन्हा गेले. सामनेवाले, जिल्हा संघटना. एकच नाव. पालक म्हणून आजोबांनी सही केली. मंडळातर्फे सही करायला अध्यक्ष सबंध दिवस सापडले नाहीत. कांदा घेऊन गेले आहेत, असे घरून कळले. माल उतरवून ते परत आले तेव्हा मीच त्यांच्या फाटकाशी उभी होते. त्यांनी टेम्पोच्या टपावर कागद ठेवून सही केली आणि पेन परत देताना म्हणाले, "वहिनी, बगा बरं का." जणू मी त्यांना विहिरीत उतरवत होते.

सुनावणी नगरला एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात झाली, कारण शनिवारी दुपारी तोच वर्ग मोकळा होता. भिंतीवर मुलांनी काढलेले पपईचे चित्र, एकसारखे, अनेकदा. समोर लवाद बसले. बारीक अंगाचे, चष्मा कपाळावर. एका बाजूला संघटनेचे चिटणीस. दुसऱ्या बाजूला तुमची आई, आजोबा, मी आणि शक्य तितके कडेला अध्यक्ष. मागच्या बाकावर, आम्ही न बोलावता, सोनईच्या बाई येऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी वेण्या वर बांधलेली एक मुलगी. जिला तुमच्या आईची जागा मिळाली होती ती हीच. आणि तुमची मावशीही हीच.

चिटणीस आधी म्हणाले, "साहेब, हे लोक आधी सोनईविरुद्ध भांडत होते, आता आमच्याविरुद्ध. यांचं नक्की काय?"

"बंदी तुम्ही घातलीत ना?" लवादांनी विचारले.

"हो, संघटनेनं."

"मग ते आता योग्य दारात आले आहेत. बेलापूरचा संघ तुमच्याकडे नोंदलेला आहे?"

चिटणिसांनी कागद चाळले. "नाही."

"मुलीला विचारलं होतं?"

"तशी पद्धत नाही."

मी म्हटले नव्हते, अर्धा तास पुरला असता? इतकासुद्धा लागला नाही. मी आजोबांकडे पाहिले. ते पपयांकडे पाहत होते. पण लवाद निकाल लिहिता लिहिता थांबले. "ही मुलगी परत संघात आली तर बाहेर कोण जाईल?"

"सोनईची एक मुलगी," चिटणीस म्हणाले.

"तिला सामनेवाले केलं आहे?" हा प्रश्न माझ्याकडे पाहून होता. नावे हिनेच ठरवली, अशा अर्थी आजोबांनी माझ्याकडे बोट दाखवले होते.

मी सांगितले, "तिने काही निर्णय दिलेला नाही."

"निर्णय तिनं दिला नाही, पण जागा तिची जाईल. तिला न ऐकता मी ती कशी काढून घेऊ? मग तुमच्या मुलीवर झालं तेच मी तिच्यावर करणार."

पुस्तिकेत तसे काही छापलेले नव्हते, पण त्यांचे म्हणणे खरे होते. आणि संघ तर दोन दिवसांनी निघणार होता. पुन्हा नाव घाला, पुन्हा प्रत पाठवा, पुन्हा तारीख. तेवढ्यात मागून आवाज आला.

"आमी हाय की हितं."

"आपण कोण?" लवादांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"सोनईवाले. आदी आमालाच सामनेवाले केलं हुतं साहेब, मंग काढून टाकलं. आता पुन्ना घेनार आसतील तर बरं हुईल, हेलपाटा वाचंल."

चिटणीससुद्धा हसले. लवादांनी तिथल्या तिथे समासात लिहून घेतले, सामनेवाले क्रमांक दोन, आणि त्या मुलीला पुढे बोलावले. तिला विचारले, तुझे काय म्हणणे आहे.

ती मुलगी तुमच्या आईकडे न पाहता म्हणाली, "मला जागा पायजे. पन ती हिच्यावर बंदी हाय म्हणून नको. मी चांगली खेळते."

निकाल असा लागला. बंदी पहिल्या दिवसापासून रद्द. मात्र संघात कोणाला घ्यायचे हे ठरवणे लवादांचे काम नाही. संघटनेने उद्या सकाळी दोघींची चाचणी घ्यावी आणि जी सरस ठरेल तिला न्यावे. अध्यक्षांनी सुटकेचा श्वास सोडला. चिटणीस जाताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय टेम्पोवाले, थेट आमच्यावरच?" आणि एवढ्यावरच ते मिटले. पुढच्या साली राहुरीच्या मुली जिल्हा संघात नेहमीसारख्याच घेतल्या गेल्या. ज्या भीतीपायी आम्ही इतके आठवडे घालवले ती अशी निघाली.

चाचणी नगरच्या मैदानावर झाली. दोघींनी एकेक करून बचाव करायचा, पाठलाग करणाऱ्या मुली त्याच; जी जास्त वेळ टिकेल ती जिंकली. सोनईची मुलगी आधी खेळली. ती म्हणाली होती त्यात काही खोटे नव्हते. मग तुमची आई उतरली. सुरुवात तिने सुरेख केली, आणि मी तिला कित्येक आठवड्यांनी तशी पळताना पाहत होते. पण खांबाजवळ ती वळली तेव्हा पाय किंचित उशिरा आला. दिवाळीआधी तो कधीच उशिरा येत नसे. पाठलाग करणारीचा हात तिच्या खांद्याला लागला. शिट्टी झाली.

कोणी अन्याय केला नाही. ती हरली. ज्या दिवसांत तिने रोज संध्याकाळी पोरींच्या पाठलागातून निसटायला हवे होते, त्या दिवसांत आम्ही मोठी माणसे एका रिकाम्या ओळीत कोणाचे नाव घालायचे यावर वाद घालत होतो. तिने हात झटकले, सोनईच्या मुलीशी काहीतरी बोलली, आणि टेम्पोत येऊन बसली. परतीच्या वाटेवर अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, पहिल्यांदाच तुमचं ऐकाया पायजे हुतं." आजोबा म्हणाले, "पण शब्दाचा दोष आहेच थोडा." त्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. ते तुमची आई साभिनय करून दाखवते.

राज्य स्पर्धेहून परतताना सोनईची मुलगी एसटीने थेट घरी जाण्याऐवजी राहुरीला उतरली. फाटक ढकलून तिने आरोळी दिली, "सामनेवाले हायेत का घरात?" तुमची आई आतून धावत आली. कित्येक दिवसांनी पहिल्यांदाच तिने चौकटीला हात लावून वळण घेतले. दोघी घरापुढच्या ओट्यावर बसल्या आणि तिथे कोण कसे आऊट झाले ते एकमेकींना उठून, वाकून दाखवत राहिल्या. तुमची आई पुढे महिला गटात खेळली नाही. तिची पदवी, लग्न, तुमचे तिकडे जाणे, हे सारे तुम्हाला माहीत आहे.

आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. सामनेवाले म्हणजे अपोनंट नव्हे. ज्याने निर्णय दिला तो, आणि त्या निर्णयाने ज्याच्या पदरात काही पडले आणि आता जाऊ शकते तोही. मैदानात समोर उभा राहतो तो सामनेवाला असेलच असे नाही. शाळेत तुमच्यावर अन्याय झाला असे वाटले तर आधी निर्णय कोणी दिला ते नीट बघा, आणि मग कोणाला राग येईल याची पर्वा न करता तेच नाव घाला, पहिल्याच दिवशी. आणखी एक. काटेकोर पाहिले तर सोनईची मावशी तुमच्या आईला सामनेवाले म्हणते तेही चूकच आहे. तुमची आई अपीलदार होती; सामनेवाले क्रमांक दोन मावशी स्वतः. हे मी तिला प्रत्येक भेटीत एकदा तरी सांगते. ती "व्हय व्हय" म्हणते आणि पुन्हा तेच म्हणते.

मंडळ आता नाही. टेम्पो भंगारात गेला आणि त्यामागोमाग अध्यक्षही गेले. वसाहतीतल्या आमच्या घरात दुसरे लोक राहतात आणि दारे रंगवलेली आहेत. सोनईची मावशी दर वर्षी येते, फाटकातूनच सामनेवाले म्हणून हाक मारते, आणि तुमची आई तिकडून फोनवर ओ देते. तेवढे अजून आहे.